टोरांटोचे पाच संपादक

कोणत्याही नियतकालिकाच्या आतल्या पानावर, वर्गणीचा दर आणि मुद्रकाचे नाव यांच्या आसपास, लहान टायपात एक यादी असते. संपादक अमुक, सहसंपादक तमुक. वाचक ते पान उलटून पुढे जातो. डिसेंबर १९५३ मध्ये टोरांटो विद्यापीठातून निघालेल्या ‘एक्स्प्लोरेशन्स’च्या पहिल्या अंकातली यादी मात्र थांबून वाचावी अशी आहे. संपादक : ई. एस. कार्पेंटर. सहसंपादक : डब्ल्यू. टी. ईस्टरब्रुक, एच. एम. मॅक्लुहन, जे. टिरव्हिट, डी. सी. विल्यम्स. कार्पेंटर मानववंशशास्त्राचे, ईस्टरब्रुक अर्थशास्त्राचे, मॅक्लुहन इंग्रजी वाङ्मयाचे, टिरव्हिट नगररचनेच्या आणि विल्यम्स मानसशास्त्राचे. पाच जण पाच विभागांतले. नियतकालिकाचे उपशीर्षक होते ‘संस्कृती आणि संज्ञापन यांचा अभ्यास’. त्या काळी कोणत्याच विद्यापीठात या नावाची शाखा अशी नव्हती.

या पाचांपैकी मार्शल मॅक्लुहन हे नाव पुढे दहा-बारा वर्षांत जगभर झाले. ‘माध्यम हाच संदेश’ या सूत्राचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यामुळे ‘एक्स्प्लोरेशन्स’ची आठवण निघते तीही बहुधा त्यांच्या चरित्रातला एक टप्पा म्हणून. मला हा क्रम उलटा वाटतो. आधी ते टेबल होते, त्या टेबलाभोवती भांडणारी माणसे होती, एकाच्या लेखाशेजारी दुसऱ्याचा लेख लावून पाहणारे संपादक होते. मॅक्लुहन यांचे नंतरचे विचार त्यातून वर आले. संपादन म्हणजे आलेला मजकूर तपासून छापखान्यात धाडणे, एवढाच अर्थ धरला तर या माणसांनी काय केले ते कळणारच नाही. त्यांच्यासाठी अंक लावणे हेच संशोधन होते.

टोरांटोत या विषयाची जमीन आधीच नांगरून ठेवली होती ती हॅरल्ड इनिस यांनी. इनिस मुळात आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. कॅनडातला फरचा व्यापार, कॉड माशांची मासेमारी हे त्यांचे विषय. कॅनडातल्या जंगलांचा लगदा होतो, लगद्याचा कागद होतो आणि त्या कागदावर अमेरिकेतली वर्तमानपत्रे छापली जातात, हा धागा धरून ते चालत गेले आणि थेट मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्या आणि इजिप्तच्या पपायरसपर्यंत जाऊन पोहोचले. दगड आणि माती जड, पण टिकाऊ. त्यांवर कोरलेले शतकानुशतके राहते. पपायरस आणि कागद हलके. राजाचा हुकूम ते दूरच्या प्रांतात घेऊन जातात. एखादा समाज कशावर लिहितो यावरून तो काळाला धरून राहतो की भूभागावर पसरतो हे बऱ्याच अंशी ठरते, असे इनिस यांचे म्हणणे होते. या विषयावरची त्यांची दोन पुस्तके १९५० आणि १९५१ मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी ते कर्करोगाने गेले. त्यांचा एक लेख ‘एक्स्प्लोरेशन्स’च्या तिसऱ्या अंकात मरणोत्तर छापला गेला.

ईस्टरब्रुक हे इनिस यांचे विद्यार्थी आणि नंतरचे सहकारी. मॅक्लुहन यांचे ते विनिपेगपासूनचे मित्र. १९३२ च्या उन्हाळ्यात ही दोन मुले गुरे वाहून नेणाऱ्या बोटीवरून इंग्लंडला गेली होती. त्या वयात जमलेली मैत्री पुढे एकाच विद्यापीठात पुन्हा जुळली, आणि वाङ्मयाचा हा प्राध्यापक इनिस यांच्या अर्थशास्त्राच्या जवळ आला तो ईस्टरब्रुक यांच्यामुळेच. विभागांच्या भिंती ओलांडण्याची भाषा आपण फार करतो. प्रत्यक्षात त्या भिंती अशाच ओलांडल्या जातात, मित्राच्या ओळखीने.

१९५३ मध्ये फोर्ड फाउंडेशनकडून या गटाला ४४,२५० डॉलरचे अनुदान मिळाले. भाषा आणि वर्तन यांची बदलती वळणे आणि नवी संज्ञापन-माध्यमे, असा प्रकल्पाचा विषय होता. त्या पैशातून दोन गोष्टी उभ्या राहिल्या : पदव्युत्तर विद्यार्थ्यांसह नियमित भरणारे एक चर्चासत्र आणि हे नियतकालिक. चर्चासत्रात बोलले जाई, ते अंकात उतरे. अंकात आलेल्यावर पुन्हा चर्चासत्रात वाद होई.

एडमंड कार्पेंटर तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचे होते. जन्म न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा, १९२२ चा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन दलातून पॅसिफिकमध्ये लढून आलेले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकून १९४८ मध्ये ते टोरांटोला शिकवायला आले. शिक्षकाचा पगार अपुरा पडे म्हणून असो वा स्वभावच तसा म्हणून असो, कॅनडाच्या नभोवाणीवर आणि पुढे दूरचित्रवाणीवरही ते कार्यक्रम करत. एका बाजूला आर्क्टिकमधली शिकारी माणसे आणि दुसऱ्या बाजूला स्टुडिओतला कॅमेरा, अशा दोन जगांत त्यांची ये-जा चाले. ‘एक्स्प्लोरेशन्स’चे मुख्य संपादक तेच होते, आणि पत्रव्यवहार, मजकूर मिळवणे, अंकाची जुळणी हा खरा भार त्यांच्यावर होता. कोणत्याही नियतकालिकात एक माणूस असा असतो की ज्याच्यावाचून अंक निघत नाही. इथे तो कार्पेंटर होता.

पहिल्या अंकात त्यांनी भूमिका स्पष्ट केली होती. सत्य मसाला भरून जपून ठेवण्यासाठी हे प्रकाशन नाही, इथे शोध घेतला जाईल, प्रश्न विचारले जातील, असा तिचा आशय होता. मानववंशशास्त्र आणि संज्ञापन हे माहितीचे साठे नसून पाहण्याच्या पद्धती आहेत, असेही त्यात होते. पहिल्याच अंकात मानसिक-शारीरिक ताणावर काम करणारे माँट्रियलचे वैद्यकशास्त्रज्ञ हान्स सेल्ये लिहितात. हे नियतकालिक कशाचे, असा प्रश्न ग्रंथपालाला पडला असेल तर नवल नाही.

आता जे. टिरव्हिट यांच्याविषयी. यादीत सगळ्यांचीच आद्याक्षरे असल्याने हे ‘जे.’ म्हणजे जॅकलिन, हे वाचकाला कळत नाही. पाचांत या एकट्या बाई. आणि भारतीय वाचकाशी या गोष्टीचे जे थेट नाते आहे तेही त्यांच्यामुळे.

जॅकलिन टिरव्हिट यांचा जन्म १९०५ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, वाढल्या इंग्लंडात. सुरुवातीचे शिक्षण बागकामाचे, मग नगररचनेचे. युद्धकाळात सैन्यात अडकलेल्या वास्तुविशारदांसाठी आणि नियोजकांसाठी त्यांनी पत्राद्वारे नगररचनेचा अभ्यासक्रम चालवला. म्हणजे विखुरलेल्या माणसांना टपालाने एका विषयाभोवती बांधून ठेवण्याचा सराव त्यांना टोरांटोला येण्याआधीच होता. त्यांचे गुरू म्हणावेत असे पॅट्रिक गेडीस. हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, पण शहरांच्या नादी लागलेले. १९१४ मध्ये नगररचनेचे मोठे प्रदर्शन घेऊन ते हिंदुस्थानात निघाले, तेव्हा प्रदर्शनाचे साहित्य आणणारे जहाज ‘एम्डन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. मित्रांनी नकाशे-चित्रे पुन्हा जमवून पाठवली आणि प्रदर्शन मद्रासला भरलेच. पुढची काही वर्षे गेडीस हिंदुस्थानातली शहरे पायी हिंडून त्यांवर अहवाल लिहीत होते; मुंबई इलाख्यातली शहरेही त्यांत होती.

गेडीस यांची पद्धत तेव्हाच्या सरकारी अभियंत्यांच्या नेमकी उलट होती. अभियंता जुन्या वस्तीच्या नकाशावर पट्टी ठेवून सरळ रुंद रस्ता आखे आणि वाटेत येतील ती घरे पाडा म्हणे. गेडीस गल्लीगल्लीतून फिरत. कुठे पडके घर आहे, ते काढले तर चौक मोकळा होईल. कुठे तळे बुजवायचा प्रस्ताव आहे, ते बुजवण्याऐवजी साफ करा. कुठे झाडाभोवती पार बांधला तर बायका-मुलांना बसायला जागा होईल, अशा बारीक सूचना ते करत. कमीत कमी पाडापाडीच्या या उपायाला ते जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणत. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग सुरू केला तेव्हा पहिले प्राध्यापक गेडीसच होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना विलायतेला पाठवण्यात गेडीस यांचा वाटा होता. १९२४ पासून घुर्ये यांनीच तो विभाग वाढवला. नगरपालिकांच्या दप्तरात पडून राहिलेल्या गेडीस यांच्या त्या अहवालांतून वेचे निवडून टिरव्हिट यांनी १९४७ मध्ये ‘पॅट्रिक गेडीस इन इंडिया’ हे पुस्तक संपादित केले. आज गेडीस यांचे भारतातले काम बहुतेकांना ठाऊक आहे ते या निवडीमधून.

टिरव्हिट यांचे दुसरे मोठे काम म्हणजे स्विस कला-इतिहासकार सिगफ्रीड गिडिअन यांच्या लेखनावरचे. त्यांची जर्मन हस्तलिखिते इंग्रजीत आणणे, त्यांतले तर्क सरळ करणे हे वर्षानुवर्षे त्या करत होत्या. गिडिअन यांचा प्रागैतिहासिक चित्रांतल्या अवकाशाविषयीचा लेख ‘एक्स्प्लोरेशन्स’च्या सहाव्या अंकात आला. गुहेतल्या चित्राला वर-खाली नाही, जमीन नाही, चौकट नाही, असे त्या लेखाचे प्रतिपादन. आर्क्टिकहून आलेल्या कार्पेंटर यांना ते वाचताना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. त्याकडे पुढे येतोच.

चर्चासत्रातला सर्वांत गाजलेला क्षण मात्र विल्यम्स यांचा आहे. कार्लटन विल्यम्स मानसशास्त्रज्ञ. एका बैठकीत त्यांनी श्राव्य अवकाशाची कल्पना मांडली. टोरांटोचेच ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ ई. ए. बॉट यांच्याकडून ती आलेली होती. डोळ्याला जे दिसते ते समोर असते, त्याला कडा असतात, मध्य असतो; डोळा एका वेळी एकीकडेच पाहतो. कानाचे तसे नाही. आवाज मागून, पुढून, वरून, एकाच वेळी येतो. कानाच्या अवकाशाला मध्य नाही आणि कडाही नाही, कान मिटताही येत नाहीत. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही साधी गोष्ट होती. मॅक्लुहन यांना मात्र ती ऐकताच झटका बसल्यासारखे झाले. लिपीपूर्व समाज कानाच्या अवकाशात राहतात, छपाईने माणसाला डोळ्याच्या अवकाशात आणले आणि रेडिओ-दूरचित्रवाणी त्याला पुन्हा कानाच्या अवकाशाकडे नेत आहेत, हा त्यांचा पुढच्या आयुष्यभराचा सिद्धान्त या एका कल्पनेवर उभा आहे.

श्राव्य अवकाशावरचा लेख १९५५ च्या चौथ्या अंकात विल्यम्स यांच्या नावाने छापला गेला. पाच वर्षांनी, १९६० मध्ये, बॉस्टनच्या बीकन प्रेसने ‘एक्स्प्लोरेशन्स’मधल्या निवडक लेखांचे पुस्तक काढले. संपादक कार्पेंटर आणि मॅक्लुहन. त्यात हा लेख आहे, पण त्याखाली नावे आहेत ती कार्पेंटर आणि मॅक्लुहन यांची. मला ही गोष्ट खटकते. एकत्र विचार करणाऱ्या गटात कोणती कल्पना कुणाची हे सांगणे अवघड असते हे खरे. विल्यम्स यांनी बॉट यांचे बोट धरले होते, इतरांनी विल्यम्स यांचे. पण विचार सामाईक असला तरी आधी छापलेले नाव वगळायचे कारण नव्हते. ‘एक्स्प्लोरेशन्स’मधले कितीतरी मजकूर नावाशिवायच छापलेले आहेत. अनामिकतेत मोकळेपणा होता, आणि मागाहून ज्याचे नाव मोठे होईल त्याच्या खात्यावर सगळे जमा होण्याचा धोकाही तिथेच होता. पुढे झालेही तसेच.

त्याच चौथ्या अंकात टिरव्हिट यांचा ‘हलता डोळा’ या अर्थाच्या शीर्षकाचा लेख आहे, आणि तो फत्तेपूर सिक्रीवर आहे. १९५४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिल्लीत संयुक्त राष्ट्रसंघाचे गृहरचना आणि वस्ती-सुधारणेवरचे चर्चासत्र भरले होते. त्याची सूत्रे टिरव्हिट यांच्याकडे होती. स्वस्त घरांच्या प्रदर्शनात एक नमुनेदार ग्रामकेंद्रही त्यांनी उभारले. टोरांटोचे चर्चासत्र नुकते सुरू झाले असताना त्या भारतात होत्या, आणि तिथून परतल्या त्या हे निरीक्षण घेऊन.

अकबराने १५७१ च्या सुमारास वसवायला घेतलेली ही लाल दगडाची राजधानी आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिलेली असते. तिथे उभे राहून फोटो कुठून घ्यावा हे कळत नाही, हा अनुभवही अनेकांचा असेल. पंचमहाल एकीकडे, दिवाण-ए-खास दुसरीकडे, अनुप तलाव मध्येच. समोरासमोर काही नाही, सरळ अक्ष नाही. टिरव्हिट यांनी नेमका हाच प्रश्न धरला. युरोपात रेनेसाँनंतर शहरे आणि राजवाडे एका ठरावीक जागी उभ्या असलेल्या माणसासाठी रचले गेले. तो माणूस म्हणजे राजा, आणि त्याच्या नजरेच्या रेषेत झाडे, कारंजी, रस्ते दूरच्या एका बिंदूकडे धावतात. व्हर्सायला ते दिसते. फत्तेपूर सिक्रीत असा एक बिंदू नाही. तिथे सगळ्यावर हुकमत ठेवील अशी जागाच नाही. माणूस आवारात पाऊल ठेवतो आणि रचनेचा भाग होतो. तो चालतो तशा इमारती एकमेकींच्या मागे जातात, पुढे येतात. आणि हे गबाळे किंवा अपघाती नाही. मोजून-मापून केलेले आहे. टिरव्हिट यांच्या मते या रचनेला पाहणारा डोळा स्थिर असून चालत नाही.

हा लेख वास्तुशास्त्राच्या एखाद्या मासिकात आला असता तर मुघल स्थापत्यावरची एक चांगली टीप म्हणून राहिला असता. इथे तो श्राव्य अवकाशाच्या लेखाबरोबर एकाच अंकात आला. मध्य नसलेला ध्वनीचा अवकाश आणि मध्य नसलेले शहर. दोन लेखकांनी एकमेकांचे संदर्भ दिले नसते तरी वाचकाच्या डोक्यात तार जुळतेच. संपादकाचे काम मी ज्याला म्हणतो ते हे.

आणखी एक उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ डोरोथी ली यांचे. ट्रोब्रिआंड बेटांवरच्या लोकांविषयी मालिनोव्स्की यांनी केलेले प्रचंड लेखन ली यांनी पुन्हा वाचले, आणि त्यांना वाटले की मालिनोव्स्की सतत रेषा पाहत आहेत. घरांची ओळ, घटनांची मालिका, कारणाकडून परिणामाकडे जाणारी वाट. पण बेटावरच्या लोकांच्या बोलण्यात या रेषाच नाहीत. त्यांना बिंदू दिसतात, ते जोडण्याची गरज त्यांना वाटत नाही. एका गोष्टीमुळे दुसरी घडली असे ते सांगत नाहीत. हा लेख आधी वैद्यकीय क्षेत्रातल्या एका नियतकालिकात आला होता. कार्पेंटर आणि मॅक्लुहन यांनी तो सातव्या अंकात घेतला आणि त्यावर टिपण दिले ते कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांचे. मानववंशशास्त्राच्या निबंधावर कवीने अभिप्राय द्यावा, हे विद्यापीठीय शिस्तीत बसणारे नव्हते. पण रेषेत विचार न करणाऱ्या मनाविषयी कवीला विचारायचे नाही तर कुणाला?

चर्चासत्राने केलेला एक प्रयोगही सांगायला हवा. १९५४ मध्ये शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचे, आदल्या वर्षीच्या गुणांवरून, चार सारखे गट केले. एकच व्याख्यान एका गटाने स्टुडिओत बसून ऐकले, दुसऱ्याने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहिले, तिसऱ्याने रेडिओवर ऐकले, चौथ्याने छापील वाचले. लगेच सर्वांची एकच परीक्षा घेतली. दूरचित्रवाणीवर पाहणारे पहिले आले, वाचणारे शेवटी. पुस्तकाला सर्वश्रेष्ठ मानणाऱ्या प्राध्यापकांच्या जगात यामुळे खळबळ उडाली. पुढच्या एका प्रयोगात प्रत्येक माध्यमाला त्याच्या पद्धतीने मजकूर सजवण्याची मुभा दिली, तेव्हा रेडिओ दूरचित्रवाणीच्याही पुढे गेला. आजच्या निकषांवर हे प्रयोग कच्चे आहेत. ताबडतोब घेतलेल्या परीक्षेवरून वाचनाचे मोल ठरत नाही, आणि दूरचित्रवाणीचे नावीन्य हेही तेव्हा एक कारण असेल. पण व्याख्यानातला मजकूर तोच ठेवून वाहन बदलायचे आणि काय बदलते ते मोजायचे, हा विचार महत्त्वाचा होता. टिरव्हिट आणि विल्यम्स यांनी असेच एक काम शहरावर केले. टोरांटोतल्या रायर्सन संस्थेचे विद्यार्थी रोज ज्या परिसरातून जात त्यातले त्यांना प्रत्यक्षात काय दिसे, याची पाहणी करून त्यांनी पाचव्या अंकात ‘न दिसलेले शहर’ अशा अर्थाचा लेख लिहिला.

आता आर्क्टिक. कार्पेंटर हडसन उपसागराच्या तोंडाशी असलेल्या साउदॅम्प्टन बेटावरच्या आयव्हिलिक इन्युइट लोकांत राहून आले होते. तेव्हा सगळे त्यांना एस्किमो म्हणत. त्यांच्या लेखांत बारकावे भरपूर आहेत. इग्लूच्या आतल्या भिंतींवर पाणी ठिबकू नये म्हणून लोक मासिकांतली चित्रे चिकटवत. ती कशीही, आडवी, उलटी, तिरकी. कार्पेंटर मान वाकडी करून ती पाहू लागले की मुले हसत. चित्र सुलट करून पाहायचे असते हेच त्यांना ठाऊक नव्हते, कारण त्यांना ते कसेही दिसे. हस्तिदंतावर कोरीव काम करणारा एक बाजू भरली की चित्र दुसऱ्या बाजूला वळवून पुढे नेई. याच लोकांनी आपल्या बेटाचे काढलेले नकाशे विमानातून केलेल्या सर्वेक्षणाशी ताडून पाहिले तेव्हा किनाऱ्याची वळणे आश्चर्यकारक जुळली. सपाट पांढऱ्या बर्फात, जिथे क्षितिजही दिसत नाही, तिथे ही माणसे वाऱ्याची दिशा, बर्फावरच्या लाटा, हवेतला खारटपणा यांवरून वाट काढतात. जे डोळ्याला दिसत नाही त्यावर अवकाश उभा राहतो, हे टोरांटोच्या खोलीत विल्यम्स यांनी सांगितले होते. कार्पेंटर ते स्लेजवर बसून अनुभवत होते.

दोन वर्षांत फोर्डचे पैसे संपले. टिरव्हिट १९५५ मध्ये हार्वर्डला गेल्या. सातवा आणि आठवा अंक ‘टोरांटो टेलिग्राम’ या वृत्तपत्राच्या साहाय्याने १९५७ मध्ये निघाले, आणि संपादक म्हणून उरले ते कार्पेंटर आणि मॅक्लुहन. आठवा अंक अगदी वेगळा आहे. रॉयल आँटारिओ म्युझियममध्ये प्रदर्शनांची मांडणी करणारे चित्रकार हार्ली पार्कर यांनी तो सजवला. अक्षरे कुठे मोठी, कुठे तिरकी, कुठे रंगीत. ओळी पानभर उधळलेल्या. जेम्स जॉइसकडून घेतलेले त्याचे नाव अक्षर, आवाज आणि दृश्य या तिन्हींना एकत्र बांधते. हा अंक म्हणजे जवळजवळ मॅक्लुहन यांचे पुस्तकच. १९६२ च्या ‘गुटेनबर्ग गॅलक्सी’ची तुकड्यातुकड्यांची घडण, प्रत्येक तुकड्यावर वर्तमानपत्री मथळा, ही सगळी तयारी या अंकांत झालेली दिसते. त्या पुस्तकात डोरोथी ली आहेत, गिडिअन आहेत, मध्ययुगात माणसे वाचतानाही ओठ हलवत हे दाखवणारे चेटर आहेत. सगळे जुने लेखक.

नववा अंक १९५९ चा, ‘एस्किमो’. हा पूर्णपणे कार्पेंटर यांचा. १९३८ साली आर्क्टिकला जाऊन आलेल्या फ्रेडरिक व्हार्ली यांची चित्रे आणि ‘नानुक’ चित्रपटाचे दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी जमवलेली कोरीव कामे, त्यांच्याभोवती भरपूर कोरी जागा सोडून बेताने मांडलेला मजकूर. बर्फाचा प्रदेश पानावर कसा आणावा याचे मला माहीत असलेले हे सर्वांत चांगले उत्तर. सहा वर्षांत नऊ अंक काढून ‘एक्स्प्लोरेशन्स’ या मूळ रूपात थांबले. पुढे १९६४ पासून विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात याच नावाची पुरवणी मॅक्लुहन यांनी चालवली, पण तो निराळा प्रकार होता. २०१६ मध्ये पहिले आठ अंक पुन्हा छापून आले.

हे नियतकालिक आज निघू शकेल का? लेखकाचे नाव झाकून दोन तज्ज्ञांकडे लेख पाठवण्याची आजची पद्धत चुका टाळते, बोगस संशोधन अडवते, ती हवीच. पण फत्तेपूर सिक्रीवरचा लेख तपासायला मुघल स्थापत्याचा तज्ज्ञ मिळेल, श्राव्य अवकाशाचा मानसशास्त्रज्ञ मिळेल; ते दोन्ही एकाच अंकात का असावेत हे ठरवणारा मिळणार नाही. त्यासाठी दोन्हीकडचे वाचणारा आणि चुकण्याचा धोका पत्करणारा संपादक लागतो. विद्यापीठे आज आंतरविद्याशाखीय केंद्रे उघडतात, इमारती बांधतात. अशा संपादकाला बढतीत एक गुणही देत नाहीत.

या पाचांपैकी संपादन ज्यांच्या अंगातच होते ते दोघे, कार्पेंटर आणि टिरव्हिट. कार्पेंटर यांनी नंतर कार्ल शुस्टर या अभ्यासकाचे अपुरे राहिलेले काम हाती घेतले. जगभरच्या आदिम आणि प्राचीन कलेतल्या चिन्हांची टिपणे आणि छायाचित्रे शुस्टर यांनी आयुष्यभर जमवली आणि ते १९६९ मध्ये वारले. कार्पेंटर यांनी ते सगळे लावून १९८६ ते १९८८ मध्ये बारा भागांत प्रसिद्ध केले, शुस्टर यांचे नाव पुढे ठेवून. २००८ मध्ये पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयात त्यांनी आर्क्टिक कलेचे प्रदर्शन मांडले. त्याच्या नावातच ‘उलटे’ हा शब्द होता. २०११ मध्ये ते गेले.

दिल्लीच्या त्या १९५४ च्या चर्चासत्रात टिरव्हिट यांची ग्रीक नगररचनाकार कॉन्स्टंटिनोस डॉक्सिआडिस यांच्याशी भेट झाली होती. त्या ओळखीतून १९५५ मध्ये मानवी वसाहतींवरचे एक माहितीपत्रक सुरू झाले. जगभर विखुरलेल्या नियोजकांना टपालाने जाणारे हे पत्रक पुढे ‘एकिस्टिक्स’ हे नियतकालिक झाले, आणि टिरव्हिट दीर्घकाळ त्याच्या संपादक होत्या. १९६३ च्या जुलैत डॉक्सिआडिस यांनी निरनिराळ्या क्षेत्रांतल्या लोकांना एका जहाजावर बोलावले. एजियन समुद्रात आठवडाभर फिरत शहरांच्या भवितव्यावर चर्चा करायची आणि शेवटी डेलॉस बेटावरच्या प्राचीन रंगमंडलात जाहीरनाम्यावर सह्या करायच्या, असा बेत होता. बकमिन्स्टर फुलर आले, मार्गारेट मीड आल्या, गिडिअन आले, मॅक्लुहनही आले. बैठकांची व्यवस्था टिरव्हिट पाहत होत्या, आणि जहाजावरचे वादविवाद लिहून काढून, लावून, ‘एकिस्टिक्स’च्या अंकात छापण्याचे कामही त्यांच्याकडेच होते.